बोरी अरबचा गुग्गुळ

बोरी अरब
६ फेब्रुवारी २०२५

कहकशां,

लोहाऱ्याच्या औषधी कारखान्यातल्या माणसानं माझी पुडी टेबलावरून परत माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "भाऊ, यात गुग्गुळ नाही." त्या क्षणी सगळं बदललं. त्याच्या आधी मी तनवीर होतो. आता मी भेसळवाला आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. म्हणालीस, फोनवर तू नुसता ओरडतोस, पत्र लिही, लिहिताना माणसाला ओरडता येत नाही. घे, लिहून ओरडतो. उर्दू माझी कच्ची, तुला माहीत आहे. म्हणून झेडपीच्या शाळेतली मराठी. चिडलो की तीही सुटते, तेव्हा समजून घे.

अब्बांनी त्या गुग्गुळाच्या काड्या कच्छहून ओल्या पोत्यात गुंडाळून ट्रकच्या केबिनमध्ये आणल्या होत्या. आपल्या बरडावर, जिथं तूरही उभी राहत नाही, तिथं लावल्या. गाव किती हसलं! "युसूफ ड्रायव्हरनं काटक्या पेरल्या." हसण्यासारखंच आहे म्हणा ते झाड. वाकडं, काटेरी, साल कागदासारखी सुटलेली, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत अंगावर पान नाही. मेलंय की जिवंत, ते नख लावल्याशिवाय कळत नाही. अब्बा गेले तेव्हा खोडं अंगठ्याएवढी होती. आता मनगटाएवढी झालीत. या थंडीत मी पहिल्यांदा चिरा दिल्या. खोल नाही, सालीपुरत्या. पांढरट चीक आला, हळूहळू पिवळा झाला, मग तपकिरी, चिकट. बोटाचा वास दिवसभर जात नव्हता. बीएस्सीचं दुसरं वर्ष मी याच्यासाठीच सोडलं आणि तू त्याबद्दल मला गाढव म्हणालीस, तेही विसरलो नाही.

तुझ्या अब्बांनी अम्मीसमोर शब्द दिला होता. "लोहाऱ्यात माल पास होऊ दे, मग पोरापोरीची बात करू." इथल्या कुणाचीही जडीबुटी गावच्या अत्ताराच्या, म्हणजे तुझ्या अब्बांच्याच हातून पुढं जाते, म्हणून गोंद त्यांच्याकडंच नेला. त्यांनी आतल्या खोलीत नेऊन साल-माती काढून साफ केला, बाहेर आणून पुडी बांधली, माझ्यासमोर लाखेची मोहर लावली. रजत म्हणून केमिस्ट आहे लोहाऱ्याला. त्यानं माझ्यासमोर मोहर फोडली. मशीनमध्ये घातलं. "गुग्गुलस्टेरॉन शून्य. हा सालईचा डिंक आहे. आपल्या जंगलात मिळतो तो."

मी त्याची कॉलर धरली. वॉचमननं मला बाहेर काढलं. मी दारव्ह्याची एसटी धरली.

गावात आलो तर तुझे अब्बा, इकबालचाचा म्हणाले, "बेटा, युसूफभाई भोळे होते. कच्छवाल्यानं त्यांना भलतंच झाड दिलं." कहकशां, म्हणजे माहा बाप उल्लू होता? दहा वर्सं कायले पाणी घातलं त्यायनं?

तू शिकून राह्यली ना हे सगळं? मग सांग मले. खोटं कोन बोलून राह्यलं?

तनवीर

—

मुलींचं वसतिगृह, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

तनवीर,

कॉलर धरलीस हे मला माझ्या गावातल्या मैत्रिणीकडून, अतियाकडून आधीच कळलं होतं. केमिस्टच्या कॉलरमध्ये गुग्गुळ सापडला का?

आता थंड डोक्यानं ऐक. आम्ही युनानीवाले गुग्गुळाला मुकल म्हणतो. संधिवाताला, चरबीला, सुजेला देतात. बाजारात त्यात सालई मिसळणं नवीन नाही. दोन्ही सुवासिक, दोन्ही निखाऱ्यावर जळतात, आणि कुटून गोळा केला की नुसत्या डोळ्यानं चांगला माणूसही फसतो. पण आतला माल वेगळा. मुकलमध्ये गुग्गुलस्टेरॉन असतं, ई आणि झेड, एकाच रेणूची दोन वळणं. सालईत ती नसतात, तिथं बोस्वेलिक आम्लं असतात. माणूस खोटं बोलतो, रेणू बोलत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर ही तपासणी होते. पट्टीवर पांढरा पातळ थर असतो. खाली अर्काचा ठिपका द्यायचा, पट्टी द्रावणात उभी करायची. जो तो ठिपका आपापल्या उंचीवर चढून बसतो. शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका असतो, त्याच्याशी ताडून बघायचं. दुसरं वर्ष पुरं केलं असतंस तर हे तूच मला शिकवलं असतंस. असो. (असो म्हणजे असो नाही, राग आहेच.)

मला दोन गोष्टी पाठव. एक, लोहाऱ्याहून परत आलेली पुडी. दोन, झाडावरचा ताजा गोंद, तुझ्या हातानं काढलेला. साफ करू नकोस, कुणाला देऊ नकोस. पोस्टमन आमच्याच दुकानात चहा पितो, म्हणून हे पत्र तुझ्या शेताशेजारच्या मारोतकाकांच्या पत्त्यावर पाठवतेय.

आणि एक विचारायचं राहिलं. अब्बांनी स्वतः साफ केला ना? त्यांचं नाक म्हणजे नाक आहे. लहानपणी माझ्या डोळ्यांना पट्टी बांधून मला वास ओळखायला शिकवायचे. त्यांना तेव्हाच कसं कळलं नाही? जाऊन विचार त्यांना. नीट विचार, तुझ्या पद्धतीनं नको.

कहकशां

—

बोरी अरब
१७ फेब्रुवारी २०२५

कहकशां,

तुझं पत्र मारोतरावांनी भर चौकात दिलं. "का बे तनवीर, पोस्टमन माह्या घरी चकरा मारून राह्यला. लगन तुह्यं हाय का माह्यं?" इंदूकाकू आतून ओरडल्या, "तुमचं होऊन गेलं, त्याचंच पाहा!" अख्खा पानठेला हसला. मी पण हसलो असतो, पण हसायची सवय गेली.

दोन्ही डब्या सोबत आहेत. हिरवं झाकण परत आलेल्या पुडीचं. लाल झाकण झाडावरचं. लालमध्ये सालीचा तुकडा चिकटलेला आहे, तो काढला नाही. तू म्हणालीस साफ करू नको, तर माशी बसली होती तीही राहू दिली.

चाचांना विचारलं. नीट विचारलं, अल्ला कसम. ते हसले. म्हणाले, "उमर झाली बेटा, नाक गेलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चहा मागवला. कहकशां, अब्बा गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवणारा हा एकच माणूस आहे. त्याच्या म्हाताऱ्या नाकाला मी काय बोलणार?

मला शक आहे तो मारोतरावांच्या गड्यावर. त्यांचा बांध आपल्या बरडाला लागून आहे. कुणी रात्री येऊन गोंद बदलला असेल. नाहीतर खरंच कच्छवाल्यानं अब्बांना फसवलं असेल. रोज संध्याकाळी मी त्या झाडांपाशी जातो आणि विचारतो, तुम्ही कोण आहात बे? खरंच विचारतो. कपाशी वेचून परतणाऱ्या बाया थांबून बघतात.

अजून एक. दारव्ह्याच्या हार्डवेअरवाल्या अफरोजची अम्मी तुमच्या घरी दोनदा येऊन गेली म्हणे. मिठाईचा डबा घेऊन. तुला माहीत होतं? मला काहून नाही सांगितलं?

लवकर तपास. रिपोर्ट चांगला आला तर तुझ्या अब्बांना पाठव, त्यांच्या हातात दे. त्यांनाही बरं वाटेल. मला नुसतं एक अक्षर पाठव. हो किंवा नाही.

तुझा (तू नाही म्हणालीस तरी)
तनवीर

—

पुणे
१ मार्च २०२५

तनवीर,

डब्या मिळाल्या. तपासणी नीट आली नाही. पट्टीवर ठिपके पसरले, काही सांगता येत नाही. रसायन संपलंय, पुन्हा कधी होईल माहीत नाही.

सोडून दे हे. रमजान सुरू होतोय, डोकं शांत ठेव. सुटलेल्या बीएस्सीच्या परीक्षेचा फॉर्म भर. लोक विसरतात.

अफरोजच्या अम्मीचं मला माहीत नव्हतं.

कहकशां

—

बोरी अरब
६ मार्च २०२५

मिस कहकशां,

लोक विसरतात? बोरी अरबचे लोक? इथं माणसं आजोबाच्या बैलाचं नाव धरून नातवाला चिडवतात. काल आठवडी बाजारात हळद घेत होतो तर तो दुकानदार म्हणतो, "तनवीरभाऊ, हळदच हाय ना पाहून घ्या, नाहीतर सालई निघन." मी त्याची तागडी उचलून फेकली. होय, फेकली. तुला अतिया सांगेलच.

ठिपके पसरले म्हणे. मले भैताड समजली का तू? रसायनशास्त्राची दोन वर्सं नाही, दीड तरी केली म्या. ठिपका पसरला तर पुना द्यायचा अस्ते. एक पट्टी, अर्धा तास. तुह्याजवळ माह्यासाठी अर्धा तास नाही. साफ सांग ना, अफरोजचं दुकान मोठं हाय, तिथं खिळा बी खिळाच निघते.

आता ऐक मी काय केलं. रोजा होता, ऊन होतं, डोकं फिरलं होतं. कुऱ्हाड घेऊन बरडावर गेलो. बांधावरचं पहिलं झाड, अब्बांनी सगळ्यात आधी लावलेलं, तेच तोडलं. दोन घाव. लाकूड इतकं मऊ निघालं की कुऱ्हाड खाली मुरुमात रुतली. मग त्या कापातून चीक यायला लागला. चिरा देऊन एका हंगामात येतो तेवढा, एकदम. पांढरा. जमिनीवर. मी हात लावला आणि वास आला, आणि मला वाटलं, हा वास खोटा कसा असेल? पण मशीन म्हणते शून्य आणि तू म्हणतेस ठिपके पसरले.

मारोतराव धावत आले, माझ्या हातातून कुऱ्हाड हिसकावली. "अबे, बापानं लावलेलं झाड हाय ते! कापसाले भाव नाही म्हून मी काय उभ्या पऱ्हाट्या उपटतो का?"  अम्मीनं पहाटे सहरीला समोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "तोडायला तुझेच हात होते का?"

उद्या बाकीची तोडतो. तू लग्न कर. वलीम्याच्या जेवणाला बोलावू नको, मी येईन.

तनवीर

—

पुणे
११ मार्च २०२५

तनवीर,

थांब. एकही झाड तोडू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत कुऱ्हाडीला हात लावू नकोस.

मी खोटं लिहिलं होतं. ठिपके पसरले नव्हते. तपासणी मी एकदा नाही, तीनदा केली, वेगवेगळ्या दिवशी, कारण मला वाटत होतं माझीच चूक होतेय. लाल डबीचा ठिपका शुद्ध नमुन्याच्या बरोबरीनं चढला. ई आणि झेड दोन्ही, दिव्याखाली इतके ठसठशीत की मॅडम म्हणाल्या, हे एवढं चांगलं कुठून आणलंस? यवतमाळचं आहे म्हटल्यावर विश्वास ठेवेनात. तुझ्या अब्बांना कुणी फसवलं नव्हतं, तनवीर. झाड खरं आहे.

हिरव्या डबीत त्याचा मागमूस नाही. ती निव्वळ सालई आहे. मिसळलेली नाही, बदललेली आहे.

आता तूच मोज. झाडावरून तुझ्या हातात. तुझ्या हातून अब्बांच्या आतल्या खोलीत. बाहेर आल्यावर मोहर तुझ्यासमोर लागली, तुझ्यासमोर फुटली. मध्ये मारोतकाकांचा गडी कुठून येईल? तू रागावतोस तेव्हा सगळ्या जगाकडे बघतोस आणि समोर बघत नाहीस.

मला समोर बघायला लागलं. म्हणून गप्प होते. माझे अब्बा आहेत ते. डोळ्यांना पट्टी बांधून ज्यांनी मला मुकल आणि सालईचा वास वेगळा करायला शिकवला, त्यांनीच. मी त्यांच्याशी फोनवर रोज बोलते, रोजा कसा गेला विचारते, आणि फोन ठेवल्यावर हात धुते. का धुते, माहीत नाही.

आता तुला भयंकर राग येईल असं मागणं मागते. त्यांना हे सांगू नकोस. मी तपासलं हे तर अजिबात नको. त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी मला घ्यायला येतील. "शिकवलं कशाला, बापाला चोर ठरवायला?" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. शेवटची परीक्षा जूनमध्ये आहे, पुढं वर्षभर दवाखान्यात काम. ते झालं की मला कुणी घरी बसवू शकत नाही, आणि तेव्हा त्यांना मी स्वतः सांगेन, त्यांच्यासमोर बसून. अफरोजच्या अम्मीला मी कालच फोन करून नाही म्हटलंय. अब्बांना वाटतंय अफरोजच्या घरच्यांनीच नकार दिला.

आणि तू तागडी फेकणारा, झाड तोडणारा माणूस आहेस. अशा माणसाशी लग्न करायचं की नाही, ते मी पास झाल्यावर ठरवीन. पण ठरवायला मी इथं असले पाहिजे ना?

तोडलेल्या झाडाच्या फांद्या फेकल्या नसतील तर हातभर लांबीच्या काड्या कर, वाळू मिसळलेल्या मातीत लाव. मुकल काडीवरच येतं.

कहकशां

—

बोरी अरब
२१ मार्च २०२५

कहकशां,

तुझं पत्र मी बरडावर वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अब्बांसाठी रडलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या अब्बांसाठी दगड शोधला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझ्यावर चिडलो, आणि तो राग अजून आहे, खोटं कायले बोलू. तू मले म्हन्तेस गप बस. आख्खं गाव माह्या मेलेल्या बापाले येडा म्हन्ते, माह्या खिशात त्याच्या शहाणपनाचा पुरावा हाय, आन् मी गप बसू? तू परीक्षा देशील. मी काय देऊ?

चार दिवस मी असाच फिरलो. काड्या लावल्या, तू सांगितल्या तशा. त्यांच्याशीही भांडलो.

काल गुरुवार, जुमेरात होती. असरची नमाज झाल्यावर तुमच्या घरी गेलो. शपथेवर सांगतो, मी गप्प बसायला गेलो नव्हतो. तुझं नाव घ्यायचं नाही एवढंच ठरवलं होतं. म्हणणार होतो, चाचा, दुसरीकडं तपासून आणलंय, आता बोला.

बैठकीत तुझे अब्बा होते आणि दारव्ह्याचा तो देवीलाल, धूप-अगरबत्तीवाला. इफ्तारीची फळं चिरलेली होती. "आ बेटा, बस," म्हणाले. नेहमीसारखाच हात खांद्यावर. मी तो हात बघत राहिलो. नखाखाली तपकिरी काही होतं. अत्ताराच्या नखाखाली काहीतरी असतंच म्हणा.

तेवढ्यात तुझ्या अम्मी आतून धुपाटणं घेऊन आल्या, जुमेरातीचं. धूर खोलीत फिरला.

कहकशां, मला पट्टी बांधून कुणी शिकवलेलं नाही. पण मी पूर्ण थंडी त्या वासात झोपलोय. सालईचा धूर हलका, लिंबासारखा चढतो. हा जड होता, कडू, खाली बसणारा. तो माझा गोंद होता. तुझ्या घरात, माझ्या तोंडासमोर, निखाऱ्यावर.

देवीलालनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "वा इकबालसेठ! लय वर्षांनी असा माल पाह्यला. कुठला हो?"

तुझे अब्बा म्हणाले, "कच्छचा."

असं, सहज. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. मी उठलो नाही.  देवीलाल मधे बसून केळ्याच्या फोडींवरची माशी हाकलत होता.

"काय बेटा, काही काम होतं?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ. आणि मग, फार सावकाश, "कहकशांचं काही पत्रबित्र येतं का तुला? पोस्टमन म्हणत होता, मारोतरावांकडे पुण्याची पत्रं येतात. त्यांचं तर पुण्यात कोणी नाही."

मला वाटलं होतं ते घाबरतील. ते घाबरले नव्हते, ते मोजत होते. मी एक शब्द बोललो असतो, कुठं तपासलं, कोणी तपासलं, की पुढचा शब्द त्यांना आपोआप कळला असता. एवढ्या दुनियेत माझ्यासाठी काच आणि दिवा लावणारं दुसरं कोण आहे? आज सकाळच्या गाडीनं ते पुण्याला निघाले असते.

तोंडात शिवी आली होती. रोजा होता. पण रोज्यानं नाही थांबवलं, खरं सांगतो. हात धुते असं तू लिहिलं होतंस, ते आठवलं.

मी म्हणालो, "नाही चाचा. तिचं माझं बोलणं बंद आहे. तिनंच नंबर ब्लॉक केला. इंदूकाकूंची भाची शिकते पुण्याला, तिची पत्रं असतील."

"अच्छा." त्यांनी खजूर माझ्यापुढं केला. "आणि तुझ्या त्या झाडांचं काय? एक तोडलं म्हणे. बाकीची ठेव, धुपापुरता गोंद मी घेत जाईन. देवीलालजी, याच्या अब्बांनी हौसेनं लावली होती. काय निघालं रे ते शेवटी?"

धुपाच्या भावात घेऊन कच्छचा गुग्गुळ म्हणून विकायचा, आणि त्यासाठी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. दारव्ह्याच्या व्यापाऱ्यासमोर, म्हणजे पुढच्या बाजारापर्यंत चार गावांत जाईल असं.

 अब्बा डोळ्यांपुढं आले, केबिनमधून ओलं पोतं उतरवणारे, लेकरू उतरवावं तसं.

मी म्हणालो, "गुग्गुळ नव्हता, चाचा. अब्बा फसले होते."

देवीलाल चुकचुकला. "होते बाप्पा असं. भोळा माणूस."  तुझ्या अब्बांनी माझ्याकडं बघणं सोडलं आणि धुपाटण्यातला निखारा उगाच चिमट्यानं हलवत राहिले. मला वाटतं, मघाशी माझ्या खांद्यावर ठेवलेला तो हात आता त्यांनाच जड झाला होता.

"गोंद मी कोणालाच देणार नाही," मी म्हणालो. "धुपालाही नाही. पुढच्या थंडीत चिरा देणार नाही. झाडांना आराम पाहिजे."

"अरे, इफ्तारी तर करून जा."

"घरी करतो."

मी उठलो. तुझ्या अम्मी दाराआड उभ्या होत्या, त्यांना सलाम केला. चपला घातल्या. मागे देवीलाल भाव विचारत होता आणि तुझे अब्बा अजून निखाराच हलवत होते. मी तुमच्या उंबऱ्याबाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

तनवीर